आत्याला पंधराच शेक का दिले?

आत्याच्या फाइलमध्ये एक जाड पिवळसर कार्ड आहे. वरच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने लिहिलंय: ४०/१५. खाली चौकटी आखलेल्या, प्रत्येक चौकटीत तारीख आणि टेक्निशियनची सही. पंधरावी चौकट भरली आणि आत्याची स्तनाच्या कॅन्सरसाठीची लाईट, म्हणजे रेडिएशन, संपली.

ती घरी आल्यावर शेजारच्या काकू भेटायला आल्या. त्यांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पंधराच? आमच्या नणंदेला पंचवीस दिले होते." आत्या तेव्हा काही बोलली नाही. रात्री भांडी आवरताना मला हळूच विचारलं, "खरं सांग, योजनेतून उपचार केले म्हणून कमी दिले का रे?"

त्या रात्री मी तिला "डॉक्टरांना कळतं गं" एवढंच म्हणालो. ते उत्तर मलाच पटलं नाही. नंतर बरंच वाचलं, एका ओळखीच्या रेडिएशनच्या डॉक्टरांना गाठून विचारलं, आणि कळलं की त्या ४०/१५ या दोन आकड्यांमागे कित्येक वर्षांचं काम आहे आणि हजारो बायकांचा वाटा आहे. ते सगळं इथे सांगतो, कारण आत्याला पडलेला प्रश्न घरोघरी पडतो आणि पुष्कळदा तो मनातच राहतो.

आधी ते आकडे. १५ म्हणजे पंधरा वेळा. ४० म्हणजे ४० ग्रे, किरणांच्या मात्रेचं माप. एक किलो वजनाच्या भागात एक जूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. आपण त्याला 'शेक' म्हणतो, काही ठिकाणी 'लाईट' किंवा 'करंट' म्हणतात. पण यात भाजण्यासारखं काही नसतं. सगळेच्या सगळे ४० ग्रे एकदम दिले, तरी शरीराचा तो भाग एका अंशाच्या शंभराव्या हिश्शाएवढाच तापेल. किरणांचं खरं काम पेशीच्या आत चालतं. ते डीएनएचे धागे तोडतात. निरोगी पेशी हे तुटलेले धागे बऱ्यापैकी सांधून घेते. कॅन्सरच्या पेशीची ही दुरुस्तीची व्यवस्था बहुतेकदा बिघडलेली असते, म्हणून ती पुढच्या विभाजनाच्या वेळी मरते.

आत्याच्या घरी शेती आहे, म्हणून तिला तणनाशकाचं उदाहरण दिलं. पिकात तण माजलंय. एकदाच कडक औषध मारलं तर तण जाईल, पण पीकही होरपळेल. बेताचं औषध, मध्ये दिवस सोडून, पुन्हा पुन्हा मारलं तर पीक प्रत्येक वेळी सावरतं आणि तण दर वेळी थोडं खचतं. उदाहरण तंतोतंत लागू पडत नाही, पण रोज थोडं थोडं का देतात हे तिला त्यातून लगेच कळलं.

डॉक्टरांनाही हे सुरुवातीपासून माहीत नव्हतं. राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले १८९५ साली, आणि थोड्याच काळात त्यांचा गाठींवर वापर सुरू झाला. मात्रा अंदाजाने दिली जाई, कातडी जळे, जखमा होत. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोदियस रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. मेंढ्याच्या वृषणाला एकाच वेळी मोठी मात्रा दिली तर वरची कातडी जळायची. तीच मात्रा काही दिवसांत विभागून दिली तर बीज तयार होणं थांबायचं आणि कातडी मात्र टिकायची. झपाट्याने विभागणाऱ्या पेशी मरतात आणि आजूबाजूचं अंग वाचतं, हे त्यातून दिसलं. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हीच पद्धत घशाच्या कॅन्सरच्या माणसांवर वापरली आणि काही रुग्ण खरोखर बरे झाले. आज जगभर चालणारी हप्त्याहप्त्याने किरण देण्याची रीत तिथून आली.

स्तनाच्या कॅन्सरसाठी पुढे ५० ग्रे, २५ वेळा, पाच आठवडे हा शिरस्ता पडला. रोज दोन ग्रे, शनिवार-रविवार सुट्टी. काकूंच्या नणंदेचे पंचवीस ते हेच.

आता एक किचकट गोष्ट, पण ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका वेळची मात्रा वाढवली की तिचा परिणाम त्याच प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. दोन ग्रेऐवजी चार ग्रे दिले, तर इजा दुपटीहून अधिक होते. म्हणजे एका वेळची मात्रा मोठी करायची असेल तर एकूण मात्रा उतरवावीच लागते. प्रश्न असतो तो किती उतरवायची याचा. जास्त उतरवली तर कॅन्सर मागे राहतो, कमी उतरवली तर निरोगी अंगाचं नुकसान होतं. आणि हे नुकसान लगेच दिसत नाही, हीच त्यातली सगळ्यात वाईट बाजू आहे. कातडी लाल होते ती महिन्या-दोन महिन्यांत ओसरते. छाती आतून घट्ट होणं, आक्रसणं, हाताच्या नसा कायमच्या दुखावणं हे सगळं काही वर्षांनी वर येतं. १९६० आणि ७०च्या दशकांत काही हॉस्पिटलांत थोड्या वेळांत मोठ्या मात्रा दिल्या गेल्या, पण एकूण मात्रा पुरेशी उतरवली नाही. त्या बायकांपैकी अनेकींना पुढे याचा फार त्रास झाला. म्हणून 'कमी वेळा, मोठी मात्रा' या कल्पनेकडे डॉक्टर कितीतरी वर्षं संशयाने पाहत राहिले. तो संशय रास्त होता.

मग तो फिटला कसा? इथे क्लिनिकल ट्रायल येते, म्हणजे रुग्णांचे गट करून दोन उपचारांची रीतसर तुलना.

समजा एखाद्या डॉक्टरला वाटलं की ४० ग्रे १५ वेळांत दिले तरी चालेल. त्याने स्वतःच्या काही रुग्णांना तसं दिलं आणि त्या चांगल्या राहिल्या. यावरून काहीच ठरत नाही. कदाचित त्याने नकळत लहान गाठीच्या बायकाच निवडल्या असतील, धडधाकट असलेल्या, शहराजवळ राहणाऱ्या. माणसाचं मन असं निवडतंच, त्यात लबाडी असावी लागत नाही. यावर उपाय एकच, निवड माणसाच्या हातातून काढून घ्यायची. आपल्याकडे वाटणीच्या वेळी चिठ्ठ्या टाकतात तसं. बाई तयार झाली की संगणक तिला या किंवा त्या गटात टाकतो. डॉक्टरला निवड नाही, बाईला निवड नाही. वय, गाठीचा आकार, साखर, घरची परिस्थिती असं सगळं दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं, आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टीसुद्धा. उरतो तो एकच फरक, २५ की १५.

कॅनडात १९९३ ते १९९६ या काळात १,२३४ बायकांवर अशी ट्रायल झाली. एका गटाला २५ वेळा, दुसऱ्याला १६ वेळांत साडेबेचाळीस ग्रे. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००२ दरम्यान 'स्टार्ट' नावाच्या दोन ट्रायल झाल्या, आणि आत्याचं कार्ड यातल्या दुसरीचं देणं लागतं. 'स्टार्ट-बी'मध्ये २,२१५ बायका होत्या. निम्म्या जणींना ५० ग्रे २५ वेळांत, निम्म्या जणींना ४० ग्रे १५ वेळांत, तीन आठवड्यांत.

एवढ्या बायका का लागतात, असं मीही त्या डॉक्टरांना विचारलं. नवं औषध जुन्याहून चांगलं आहे का, हे पाहणं त्या मानाने सोपं असतं. इथे नवी पद्धत जुन्याहून वाईट नाही, हे दाखवायचं होतं. कॅन्सर त्याच जागी परत येण्याचं प्रमाण मुळातच शंभरात पाच-सहा जणींचं. शंभर-शंभर बायकांचे दोन गट घेतले, एकीकडे पाच जणींना उलटला आणि दुसरीकडे सात जणींना, तर हा उपचाराचा दोष की नुसता योगायोग हे कसं सांगणार? हजार-हजार घेतल्या तर योगायोगाला जागा कमी उरते. आणि थांबायचं किती, तर दहा वर्षं, कारण नुकसान उशिरा दिसतं.

त्या दहा वर्षांत काय मोजलं, हे मला सगळ्यात भिडलं. उपचाराआधी बायकांच्या छातीचे फोटो काढून ठेवले होते. काही वर्षांनी पुन्हा काढले. मग ते फोटो अशा लोकांपुढे ठेवले ज्यांना कोणती बाई कोणत्या गटातली हे माहीत नव्हतं. आकार किती बदलला, एवढंच त्यांनी सांगायचं. शिवाय बायकांना स्वतःला विचारलं. खांदा वर जातो का, हाताला सूज आहे का, छातीला हात लावला तर कडक वाटतं का, आरशात पाहताना कसं वाटतं. जीव वाचला हे मोठंच, पण वाचल्यावर त्या अंगाने पुढची वीस-तीस वर्षं जगायचं असतं, आणि त्या जगण्याचीही इथे नोंद घेतली गेली.

दहा वर्षांनंतरचे आकडे २०१३ साली आले. २५ वेळांच्या गटात साडेपाच टक्के बायकांना कॅन्सर त्या भागात परत आला होता, १५ वेळांच्या गटात ४.३ टक्के. हा फरक एवढा लहान आहे की १५ वेळा जास्त चांगल्या असं म्हणता येत नाही, पण वाईट नाहीत हे नक्की. आणि छाती आक्रसणं, कातडीवर बारीक रक्तवाहिन्या उमटणं, सूज येणं हे १५ वेळांच्या गटात उलट कमी होतं. कॅनडाचे दहा वर्षांचे आकडेही असेच बोलत होते: परत येण्याचं प्रमाण ६.७ आणि ६.२ टक्के. ब्रिटनने तर पाच वर्षांचे निकाल पाहूनच २००९ साली १५ वेळा हाच नेहमीचा उपचार ठरवला.

म्हणजे आत्याला कमी दिले गेले नव्हते. तिला नीट तपासून ठरलेला पूर्ण उपचार मिळाला होता.

याच्या पुढची पायरीही झाली आहे. 'फास्ट-फॉरवर्ड' नावाच्या ट्रायलमध्ये २०११ ते २०१४ या काळात ब्रिटनच्या ९७ हॉस्पिटलांतून ४,०९६ रुग्ण घेतले. तीन गट: ४० ग्रे १५ वेळांत, २७ ग्रे पाच वेळांत, २६ ग्रे पाच वेळांत. पाच दिवसांत सगळं आटपायचं. पाच वर्षांनी त्याच स्तनात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण अनुक्रमे २.१, १.७ आणि १.४ टक्के, म्हणजे पाच वेळा कुठेच उण्या पडल्या नाहीत. पण अंगावरचे परिणाम पाहिले तेव्हा २६ आणि २७ मधला फरक उघडा पडला. २७ ग्रेच्या गटात डॉक्टरांना मध्यम किंवा ठळक दिसणारा त्रास १५.४ टक्के जणींना होता, २६ ग्रेच्या गटात ११.९ टक्के, आणि १५ वेळांच्या गटात ९.९ टक्के. एका ग्रेचा फरक! तो कुठल्याही गणिताने एवढ्या खात्रीने सांगता आला नसता. निकाल एप्रिल २०२० मध्ये छापून आला, तेव्हा कोरोनामुळे हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी करणं भागच होतं. अनेक ठिकाणी ही पद्धत लगेच सुरू झाली.

अशा ट्रायलना पैसा कोण देतो हेही पाहण्यासारखं आहे. नव्या औषधाच्या ट्रायलमागे बहुतेकदा कंपनी असते, कारण पुढे औषध विकायचं असतं. पंचवीसचे पंधरा आणि पंधराचे पाच करण्यात कुणालाच काही विकायला मिळत नाही. म्हणून ब्रिटनमध्ये हे काम सरकारी संशोधन निधीवर आणि लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थेच्या पैशांवर झालं. सार्वजनिक पैसा नसता तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता, असं माझं ठाम मत आहे.

आपल्यासाठी त्याचा अर्थ कितीतरी मोठा. आत्याला जिल्ह्याच्या ठिकाणी रोज एसटीने जावं लागायचं. दीड तास जायला, दीड तास यायला, आणि मशीनवर प्रत्यक्ष दहा-पंधरा मिनिटं. त्यातलेही बरेचसे नुसते अंगावरच्या खुणांशी रेघा जुळवण्यात जात. सोबत कुणीतरी हवं, त्याची मजुरी बुडते. मुंबईत परळला उपचार घेणारे कितीजण धर्मशाळेत जागा मिळते का हे पाहत महिना-महिना काढतात. आणि मशीन तर आपल्याकडे गरजेपेक्षा फार कमी आहेत. एका बाईच्या पंचवीस वेळांमध्ये त्याच मशीनवर पाच वेळांच्या पद्धतीने पाच बायकांचे उपचार पुरे होतात.

तरीही ब्रिटनचे आकडे उचलून इथे जसेच्या तसे लावावेत का? 'फास्ट-फॉरवर्ड'मधल्या बहुतेक जणींचा स्तन राखून फक्त गाठ काढलेली होती. आपल्याकडे गाठ उशिरा लक्षात येते, पूर्ण स्तन काढावा लागण्याचं आणि काखेतल्या गाठींनाही किरण देण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणून कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने पुढाकार घेऊन भारतातल्याच रुग्णांवर पाच वेळा विरुद्ध पंधरा वेळा अशी ट्रायल हाती घेतली. हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या बायकांबद्दलचं उत्तर आपल्या बायकांकडूनच यायला हवं.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने असं काम पूर्वीपासून केलंय. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे खूप. त्याच्या शस्त्रक्रियेनंतर किरण दिले की आतड्यांना मार बसतो. वर्षानुवर्षं जुलाब, पोटदुखी, रक्त. २०११ ते २०१९ या काळात टाटात ३०० बायकांची ट्रायल झाली. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने, निम्म्यांना आतडी वाचवत किरणांचा आकार घडवणाऱ्या आणि रोज आधी चित्र घेऊन नेम तपासणाऱ्या नव्या पद्धतीने. तीन वर्षांनी आतड्यांचा उशिरा येणारा त्रास नेहमीच्या गटात ४२.४ टक्के जणींना होता, नव्या गटात २१.१ टक्के. निम्मा. "महागडं मशीन आहे म्हणून वापरतात" असं कुणी म्हणालं तर त्याला दाखवायला हा आकडा आहे.

एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. आत्याचे पंधरा ऐकून कुणी तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाला "तुलाही एवढेच पुरेत" असं सांगू नये. तंबाखूने होणाऱ्या तोंडा-घशाच्या कॅन्सरची तऱ्हा निराळी. तिथे साधारण तीस ते पस्तीस वेळा लागतात, आणि उपचार लांबला की कॅन्सरच्या उरलेल्या पेशी जोमाने वाढू लागतात. डेन्मार्कमध्ये १,४८५ रुग्णांवर एक सुंदर ट्रायल झाली. मात्रा तीच, वेळा त्याच, फक्त एका गटाला आठवड्यातून पाच दिवस आणि दुसऱ्याला सहा दिवस. उपचार एका आठवड्याने लवकर संपला, एवढाच काय तो फरक. पाच वर्षांनी कॅन्सर आटोक्यात राहिलेल्यांचं प्रमाण ६० वरून ७० टक्क्यांवर गेलं. तोंड सोललं म्हणून, लग्न आहे म्हणून, गणपतीला गावी जायचं म्हणून मधले आठ दिवस बुडवणाऱ्यांनी हा आकडा मनात ठेवावा. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगावं, जेवणासाठी नळी घालावी लागली तर घालावी, पण आपल्या मनाने खाडा करू नये.

आता उद्या तुमच्या घरातल्या रुग्णाला कुणी ट्रायलबद्दल विचारलं तर? पहिला विचार येतो, "आमच्यावर प्रयोग करतायत." तो येणं साहजिक आहे, त्यासाठी कुणाला अडाणी म्हणू नये. पण काही गोष्टी माहीत असाव्यात. अशा ट्रायलमध्ये चिठ्ठी जुन्या बाजूला पडली तर आज इतरांना मिळतो तोच चांगला उपचार मिळतो; उपचाराविना कुणालाही ठेवलं जात नाही. सुरू होण्याआधी एथिक्स कमिटीने, म्हणजे रुग्णांचं हित जपणाऱ्या समितीने, ट्रायल मंजूर करावी लागते, आणि त्या कमिटीत डॉक्टरांखेरीज कायद्याची जाणकार व्यक्ती आणि सामान्य नागरिकही असतात. देशाच्या सरकारी नोंदवहीत तिची नोंद होते, ती इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. संमतिपत्र मराठीत मागण्याचा हक्क आहे. वाचता येत नसेल तर ते वाचून दाखवताना त्या ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. सही करून नंतर विचार बदलला तर केव्हाही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

घाई करू नका. कागद घरी न्या, शिकलेल्या पुतण्या-भाचीला वाचायला द्या. डॉक्टरांना विचारा: मी यात आले नाही तर मला कोणता उपचार मिळेल? जादा तपासण्यांचा खर्च कुणाचा? जास्तीच्या फेऱ्या किती? काही इजा झाली तर जबाबदारी कुणाची? किती वर्षं बोलावणार? उत्तरं नीट मिळेनात तर सही न करता उठावं. मिळाली तर संमतिपत्राची एक प्रत मागून घ्या आणि रिपोर्टांच्या फाइलमध्येच ठेवा, वर लिहिलेल्या फोन नंबरसकट.

हे सगळं आत्याला पुन्हा एकदा सविस्तर सांगितलं. तिने मध्ये एकच विचारलं, "त्या बायकांना कळलं का, त्यांच्यामुळे आमचं कमी झालं ते?" मला उत्तर देता आलं नाही. तिचा पुढचा फॉलोअप दिवाळीनंतर आहे. तिथे हात डोक्यावर नेऊन दाखवायला सांगतात, छातीची कातडी बोटांनी दाबून पाहतात, सूज विचारतात. ते काय शोधतायत, हे तिला आता माहीत आहे.